वजनाचा न्याय

तिरुवैयारु हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते त्यागराजांच्या समाधीमुळे आणि तंजावरच्या भोसल्यांच्या शेजारामुळे. पाच प्रवाहांच्या या गावाभोवती भाताची शेते पसरलेली आहेत आणि लावणीच्या दिवसांत त्या शेतांत वाकलेली पाठ बहुधा बाईची असते. याच सुपीक प्रदेशातून एक वाट पूर्वेकडे, नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या किनाऱ्याकडे जाते. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरील डोंगरांत पिकणारा गांजा रेल्वेने आणि मोटारींनी दक्षिणेत उतरतो, कावेरीचा त्रिभुज प्रदेश ओलांडतो आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतून होड्यांनी श्रीलंकेस जातो. चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्या माणसाला तमिळ बोलीत ‘कुरुवी’ म्हणतात. कुरुवी म्हणजे चिमणी. ही उपमा ज्याने प्रथम योजली त्याला धंदा नीट कळला होता. चिमणी थोडे उचलते, पुष्कळ खेपा करते, आणि एक पडली तरी थवा थांबत नाही.

हे काम कोणास सांगावे याचा हिशेब साखळीच्या वरच्या टोकाने केव्हाच केलेला असतो. नवरा मेलेला, सोडून गेलेला किंवा दारूने निकामी झालेला. लावणीचे दिवस यंत्राने कमी केलेले. गटाच्या नावाने घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला दाराशी उभा. (बळजबरीच्या वसुलीविरुद्ध तमिळनाडूच्या विधानसभेला २०२५ साली कायदा करावा लागला, यावरून त्या हप्त्याचे स्वरूप कळावे.) अशी बाई एका खेपेला होकार देते. ती पळून जाणार नाही, कारण मुले घरी आहेत. ती तोंड उघडणार नाही, कारणही तेच. ज्या मुलांसाठी तिने पिशवी उचलली ती मुलेच त्या व्यवहारात तारण पडलेली असतात.

आता समजा, तिरुवैयारूची अशी एखादी बाई गांजाच्या पिशव्यांसह पकडली गेली. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५चा अधिनियम तिच्याविषयी एकच प्रश्न विचारतो: वजन किती? एक किलोपर्यंतचा गांजा अल्प. वीस किलोंहून अधिक भरला तर तो व्यापारी प्रमाणातला, आणि मग किमान दहा वर्षे सक्तमजुरी, कमाल वीस, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. माल कोणाचा, नफा कोणाचा, तिला खेपेचे किती मिळणार होते, हे प्रश्न किमान शिक्षेपाशी येऊन निरर्थक ठरतात. माल ज्याच्या पैशाने खरेदी झाला त्या भांडवलदारासाठी २७-अ कलम आहे, आणि तेथेही शिक्षा दहा ते वीस वर्षांचीच आहे. सावकार आणि हमाल यांना एकाच मापाने मोजणारा हा कायदा स्वतःला समदर्शी समजत असावा.

२००१ सालच्या दुरुस्तीला सुधारणा म्हणण्याची प्रथा आहे. अल्प प्रमाणासाठी पकडलेल्यांना तिने दिलासा दिला हे खरेच. परंतु गांजापुरते पाहिले तर मूळ १९८५च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होती आणि किमान मर्यादा नव्हती. पाच वर्षे ही ज्या गुन्ह्याची कमाल होती, त्याच गुन्ह्यासाठी, वजन वीस किलोंपुढे गेले की, दहा वर्षे ही किमान झाली. दुरुस्तीचा हा भाग गौरवपर लेखनातून सहसा वगळला जातो. त्याच दुरुस्तीने ३२-ब हे कलम आणले. त्यात किमानपेक्षा अधिक शिक्षा देण्याची कारणे क्रमाने नोंदली आहेत. किमानखाली येण्याचे एकही नाही. पिशवीत काय आहे हे ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली तर ३५वे कलम तिच्या मनातील अपराधबुद्धी गृहीत धरते आणि ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच टाकते. जामिनाच्या सामान्य कायद्यात स्त्रीसाठी सवलतीची जागा आहे. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात या कायद्याचे ३७वे कलम तिच्यावर मात करते. बाई ही बाई आहे याची आठवण या कायद्याला अंगझडतीच्या ५०व्या कलमात होते. तेथे म्हटले आहे की स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. शिक्षेच्या वेळी ती आठवण बुजते.

यावर सज्जन माणसाचे उत्तर तयार असते. गरीब पुष्कळ असतात, सगळ्याच काही असली कामे करत नाहीत. या उत्तराला मराठीत मोठी परंपरा आहे. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून दरिद्री मातेकडून चारित्र्याची परमावधी अपेक्षिण्याची सवय मराठी मनाला जडली. साने गुरुजींच्या करुणेवर यात आक्षेप नाही. ती करुणा वापरून दुसऱ्या बाईला दोषी ठरवणाऱ्यांवर आहे. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधली (१९६३) अम्मा तीस वर्षांच्या आतच त्या मूर्तीसमोर येऊन उभी राहिली, परंतु तिला अभ्यासक्रमात मिळालेली जागा आणि मनात मिळालेली जागा एक नव्हती.

आणि मुंबईचा इतिहास तर या सज्जनाच्या विरुद्धच साक्ष देतो. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर वस्त्यावस्त्यांत ‘आंटी’ उभी राहिली. हातभट्टीची दारू पडद्याआड विकून मुलांच्या शाळेचे पैसे भरणाऱ्या या बायकांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. पोलीस त्यांना पकडत, दंड करीत, काही महिने आत ठेवीत. पुढे परवान्यांचे युग आले आणि आंटी आठवणींच्या लेखांत गोड झाली. तिचा व्यवसाय आणि कुरुवीची खेप यांत प्रत नैतिकतेची नाही, राजपत्राची वेगळी आहे. तमिळनाडूत तर हा विरोध उघड्यावर दिसतो. १९८३ साली स्थापन झालेल्या टास्मॅक या सरकारी महामंडळाकडे २००३ पासून दारूच्या किरकोळ विक्रीचीही मक्तेदारी आली. ज्या दारूने बाईचा संसार बुडवला तिची पावती शासन फाडते, आणि तो संसार सावरण्यासाठी तिने उचललेल्या पिशवीची पावती दहा वर्षांची असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गर्द आणि गांजा यांनी ज्यांची मुले खाल्ली त्या मातांचे काय? त्यांचा क्रोध न्याय्य आहे. परंतु ज्याने कमावले तो त्यांच्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जात नाही. उभी केली जाते ती त्यांच्यासारखीच एक आई. सवलत दिली तर टोळ्या मुद्दाम आयांनाच कामाला लावतील, असेही म्हटले जाते. जणू आज त्या दुसऱ्या कोणाला लावतात! मेरी जेन व्हेलोसो ही दोन मुलांची फिलिपिनो आई घरकामाच्या आशेने परदेशी गेली आणि एप्रिल २०१० मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ताच्या विमानतळावर पकडली गेली. तिच्या सुटकेसच्या अस्तरात २.६ किलो हेरॉईन होते. तिला मृत्युदंड झाला. २९ एप्रिल २०१५ रोजी, गोळ्या घालण्यास काही तास उरले असता, तिला कामाला लावणारी बाई मायदेशी पोलिसांच्या स्वाधीन झाल्यामुळे ती वाचली, आणि स्वदेशी परतली ती डिसेंबर २०२४ मध्ये. मृत्युदंडाच्या धाकाने ती खेप थांबली नव्हती.

वेगळा मार्ग अशक्य नाही. कॉस्टा रिकाने २०१३ साली आपला कायदा बदलला: तुरुंगात अमली पदार्थ नेताना पकडल्या गेलेल्या दरिद्री, घर एकटीने चालवणाऱ्या स्त्रीला आठ ते वीस वर्षांऐवजी तीन ते आठ वर्षे, आणि तीही तुरुंगाबाहेर भोगता येतील अशी तजवीज. इंग्लंडने २०१२च्या शिक्षा-निर्देशांत वाहकाची भूमिका वेगळी मोजली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये संमत केलेले बँकॉक नियम सांगतात की अवलंबून असलेली मुले ज्या स्त्रीला आहेत तिच्यासाठी शक्य तेथे तुरुंगाबाहेरची शिक्षा पसंत करावी. भारतीय संसदेला यासाठी क्रांती करावी लागणार नाही. ३२-ब कलमात जशी शिक्षा वाढवण्याची कारणे आहेत तशी किमानखाली उतरवण्याची लिहिली तरी न्यायाधीशाला वजनकाट्यावरून नजर उचलता येईल.

तंजावरच्या याच प्रदेशात रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांची अन्नछत्रे होती. दुसऱ्या सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्या छत्रांचे वर्णन केले आहे: वाटेत दिवस भरलेल्या बाईची तेथे व्यवस्था होई, आणि परक्या वाटसरूचे मूल अनाथ झाले तर त्याचे पालन व शिक्षण छत्र करी. ती राजवट न्यायाचा आदर्श होती असे कोणी म्हणू नये. परंतु बाईमागे मूल असते एवढे तिच्या हिशेबाच्या वहीला ठाऊक होते. आजच्या वहीत सर्वोच्च न्यायालयाचा २००६चा निर्णय आहे. त्यानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर तुरुंगात राहू शकते. पुढे नातेवाईक, नाहीतर संस्था. या कायद्याखालील शिक्षेत माफीचे दिवसही मिळत नाहीत. तान्हे मूल घेऊन आत गेलेली बाई किमान मुदत भोगून बाहेर येते तेव्हा मूल चार वर्षे तिच्याविना वाढलेले असते. आणि ज्याचे वय त्या दिवशी सात होते आणि जो शेजारणीच्या ओसरीवर तिची वाट पाहत बसला होता, तो तिला घरी भेटतो तेव्हा सतरा वर्षांचा असतो.