स्क्रूजची काठी

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला मामाकडे गेले असता माळ्यावरून एक खोके खाली आले. आत मामाचा जुना व्हिडिओ गेम, वायरींचा गुंता आणि चारपाच कॅसेटी. त्यांतली एक 'डकटेल्स'ची. चौथी-पाचवीतल्या माझ्या कित्येक मे महिन्याच्या दुपारी या एका कॅसेटीने खाल्ल्या आहेत. मामाने नेहमीप्रमाणे फुंकर मारून ती खोबणीत बसवली, आणि तिसऱ्या खेपेला पडद्यावर म्हातारा स्क्रूज मॅकडक उभा राहिला.

व्हिडिओ गेमवर वार्षिकात लिहिण्यासारखे काय आहे, असे काही सर म्हणतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हा स्क्रूज डिकन्सच्या कंजूष म्हाताऱ्याचे नाव घेऊन आला आहे. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली हे बदक जन्माला घातले. १९८७ साली त्याची कार्टून मालिका अमेरिकेत सुरू झाली. मामाच्या पिढीने ती नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून पाहिली. मालिकेवरचा हा खेळ मात्र जपानी. कॅपकॉम कंपनीने तो १९८९ साली निन्टेंडोच्या यंत्रासाठी काढला.

खेळ सांगायला सोपा आहे. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशी पाच ठिकाणे. हवे तिथून सुरुवात करा. प्रत्येक ठिकाणी एक खजिना. स्क्रूजजवळ बंदूक नाही, तलवार नाही. आहे ती म्हाताऱ्याची काठी. उडी मारायची, आणि हवेत असतानाच दोन बटणे एकदम दाबून काठी पायाखाली घ्यायची. मग तो त्या काठीवर टुणटुण उड्या मारीत निघतो: काट्यांवरून, सापांवरून, शत्रूंच्या डोक्यांवरून. बोट जरा सैल पडले की काठी निसटते. हिमालयातल्या भुसभुशीत बर्फात काठीवर उतरलात, तर म्हातारा रुतून बसतो. या उडीची उंची, तिची लय, ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हे कुणीतरी फार बारकाईने जोखलेले आहे. इतक्या वर्षांनी हातात घेतल्यावर माझ्या बोटांना ते आपोआप आठवले. मला नव्हे, बोटांना. आणि चंद्रावरचे ते संगीत! यंत्राला आवाजाच्या जेमतेम पाच वाटा. पण तेवढ्यात हिरोशिगे तोनोमुरा यांच्या चालीने जे साधले आहे, त्याने स्वयंपाकघरातली मामीसुद्धा गुणगुणू लागली.

मी खुशीत होते. ॲमेझॉनचा टप्पा संपला, इंका राजाचा राजदंड हाती आला, आणि शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मामेभावाने विचारले, "ताई, हा त्याचाच होता का?"

"नाही रे, सापडला त्याला."

"मग ज्याचा आहे त्याला का नाही देत?"

मला उत्तर सुचले नाही. लहानपणी हा प्रश्न मला पडला नव्हता. आता इतिहासाच्या तासाला वसाहतींच्या लुटीवर टिपणे काढून झाली आहेत, तरी तो आधी पडला त्यालाच. राजदंड इंकांचा, हिरा आफ्रिकेचा, मुकुट चंगीझखानाचा. आणि जाणार सगळे डकबर्गच्या तिजोरीत. मग मी नीट पाहू लागले. ॲमेझॉनच्या अरण्यात चक्क गोरिला आहेत! गोरिला आफ्रिकेचा प्राणी. चंगीझखानाचे सैन्य १२२१ साली सिंधूपर्यंत आले होते, हे खरे. पण त्याचा मुकुट हिमालयाच्या बर्फात कसा, हे तोच जाणे.

हे मी वसतिगृहात सांगितले, तेव्हा दोन तट पडले. एका मैत्रिणीने डॉर्फमन आणि मॅतलार यांचा दाखला दिला. या दोघांनी १९७१ साली चिलीत डोनाल्ड डकच्या चित्रकथांवर पुस्तक लिहून त्यांतली साम्राज्यशाही उघडी केली. १९७३च्या लष्करी उठावानंतर तिथे त्या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. तिचे म्हणणे, असले खेळ पोरांच्या हाती देऊच नयेत. दुसरी म्हणाली, "अगं, बदकांचा खेळ तो, कसली साम्राज्यशाही घेऊन बसलीस!"

मला दोन्ही पटत नाही. ज्या हातांनी उडी इंचाइंचाने मोजली, त्यांनी गोरिला कुठे राहतो हे पाहण्याची तसदी घेतली नाही. उडी त्यांची स्वतःची होती. जंगल, खाण, बर्फ हे आयते मिळालेले पडदे होते. मेहनत कुठे केली आणि कुठे केली नाही, यावरून करणाऱ्याला कोणाची पर्वा होती ते कळते, आणि ते कळायला खेळ खेळावाच लागतो. मैत्रिणीने तो कधी हातातही धरलेला नाही. दुसरीने भरपूर खेळला आहे, पण काठीवरून नजर हलवलेली नाही.

२०१३ साली हाच खेळ नव्या चित्रांसह पुन्हा निघाला. आतेभावाच्या संगणकावर तो मी पाहिला आहे. चित्रे देखणी. स्क्रूजचा आवाज मालिकेतल्याच ॲलन यंग यांचा. पण पात्रे फार बोलतात, आणि दर थोड्या वेळाने आपल्याला थांबवून ठेवतात. दुरुस्ती करायला चोवीस वर्षे मिळाली. ती रंगरंगोटीत गेली. खजिन्याचा मालक कोण, हे तिथेही कुणी विचारीत नाही.

असो. त्या दिवशी मी आणि मामा पाळीपाळीने खेळत शेवटापर्यंत आलो होतो. तिथे ग्लोमगोल्डच्या आधी दोर चढून जावे लागते. इतक्यात मामीने जेवायला हाक मारली. हा खेळ मध्येच जपून ठेवण्याची सोय नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

"टीव्ही बंद कर," मामा हळूच म्हणाला, "यंत्र राहू दे चालू."

(तृतीय वर्ष, कला)