दीड हजारांचा आळस

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले, की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडते : "गावाकडे आता कामाला माणूस मिळत नाही. सरकारने फुकट पैसे वाटून लोकांना आळशी केलंय." मग 'लाडकी बहीण'चे नाव निघते, सगळ्यांच्या माना डोलतात आणि रांग श्रीखंडाकडे सरकते. माझा आक्षेप त्या डोलणाऱ्या मानांना आहे.

आधी हिशेब पाहू. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी महिना १५०० रुपये सुरू केले. म्हणजे दिवसाला ५० रुपये, एक डॉलरही नाही. एवढ्यात घर चालत नाही, तर आळस कुठून परवडणार? बीडकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन, पोरेबाळे बरोबर नेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगामभर कोपीत राहतात. पहाटे कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या त्या बाईला आळशी म्हणायचे?

'माणूस मिळत नाही' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की आपण देऊ त्या मजुरीत मिळत नाही. गाठीला चार पैसे असले, की बाई पडेल मजुरीला 'नाही' म्हणू शकते. आपण दुसरी ऑफर खिशात ठेवून पगारासाठी घासाघीस करतो, तेव्हा ती हुशारी ठरते. तिने केली की माज?

आणि फुकटचे म्हणाल, तर आपण घेतले नाहीत का? २०२० मध्ये साथीच्या काळात इथल्या सरकारने प्रौढ माणसामागे १२०० डॉलर दिले. वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणाऱ्या जोडप्यांनाही ते पूर्ण मिळाले. २०२१ मध्ये जुलै ते डिसेंबर मुलामागे महिना २५० ते ३०० डॉलर आले. आपल्यापैकी अनेकांच्या खात्यात ते जमा झाले. कुणी नोकरी सोडली? अलास्कात तर १९८२ पासून तेलाच्या पैशातून लहानथोर सगळ्यांना दरवर्षी लाभांश मिळतो. डेमन जोन्स आणि इओआना मारिनेस्कू या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा नोकरी करणाऱ्यांचे एकूण प्रमाण घटलेले दिसले नाही. फक्त अर्धवेळ काम काहीसे वाढले होते.

योजना निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना ती आली आणि तिजोरीवर तिचा मोठा भार आहे. पण तो जाब सरकारला विचारा, त्या बाईला नव्हे. माझी तक्रार वेगळीच आहे. पैसे कामाच्या जोडीला यावेत, कामाच्या बदल्यात सरकारने हात झटकावेत म्हणून नव्हे.

हे महाराष्ट्राला कुणी शिकवण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायाबापड्या खडी फोडत, पाझर तलावांची माती वाहत होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला : मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. २००५ चा केंद्राचा कायदा याच वाटेने गेला. पैसा कुठून आला? त्यातला मोठा वाटा शहरी नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या व्यवसाय कराचा होता. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांच्या पगारपत्रकात ती कपात असे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीने गावातल्या अनोळखी बाईच्या हाताला काम मिळावे म्हणून दर महिन्याला पैसे दिले. आज त्याच घरांतली आपण मुले सातासमुद्रापलीकडून तिच्या पन्नास रुपयांचा हिशेब मागतो आहोत. मंडळी, पुढच्या वेळी रांगेत ते वाक्य ऐकू आले, तर निदान मान डोलवू नका. उलट विचारा : "तिला काम किती दिवस मिळालं, आणि मजुरी काय मिळाली?"