मोटर फिरेल, पण ट्रान्झिस्टर टिकेल का?

रायपूरचा मे महिना, बाहेर पारा ४४ वर. अशा दुपारी खेळण्यातली मोटर आणि आर्डुइनो उनो घेऊन छोटा पंखा करायला बसलात, तर मोटर थेट पिनला जोडू नका. पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये.

मोटर किती मागते ते आधी काढा. दांडा जरा जरा फिरवत मल्टिमीटरने तिच्या दोन टोकांमधला रोध बघा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा. समजा ५ ओहम आला आणि बॅटरी ६ व्होल्टची आहे, तर ६ भागिले ५, म्हणजे १.२ अँपिअर. सुरू होताना किंवा पातं अडकलं की मोटर साधारण एवढा प्रवाह ओढते. निवड याच आकड्यावर करायची. मी एकदा चालत्या मोटरचे ८० मिलिअँपिअर धरले आणि १०० ची मर्यादा असलेला बीसी५४७ लावला. पात्यात पडदा अडकला, ट्रान्झिस्टर गेला. वास मात्र रात्रीपर्यंत घरात! शिवाय माहितीपत्रकातले वॅटचे आकडे बहुधा २५ अंशांचे असतात. आपल्या खोलीत ते कमीच धरावेत.

म्हणून आयआरएलझेड४४एन मॉस्फेट घ्या, तो ५ व्होल्टवर नीट उघडतो. दुकानदार आयआरएफ५४० पुढे करेल. त्याच्या गेटला १० व्होल्ट लागतात, तो नको. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम लावा, नाहीतर पंखा मनानेच फिरू लागेल.

मोटर बंद होताना उलटा दाब येतो, त्यासाठी तिला समांतर डायोड, पट्टीची बाजू बॅटरीच्या धनाकडे. नुसतं चालू-बंद करायचं तर १एन४००७ चालेल, वेग बदलायचा तर १एन५८१९. आणि बॅटरी व आर्डुइनो यांचं ग्राउंड एकत्र जोडा. बहुतेकांचं अडतं ते तिथेच.