एक्कावन्न महिने कोणाच्या हिशेबात?

मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री यांस,

मुलाचे नाव आणि जिल्हा मी लिहिणार नाही. बालन्याय कायद्याचे कलम 74 मला ठाऊक आहे आणि मी ते पाळते. बत्तीस वर्षे अनाथ मुलांच्या कामात काढली, त्यामुळे फाईलमध्ये काय लिहिले जाते आणि काय वगळले जाते, हेही ठाऊक आहे.

हा मुलगा चौदा महिन्यांचा असताना एका घरात प्रतिपालनासाठी गेला. आई मनोरुग्णालयात, वडिलांचा पत्ता नाही. त्यामुळे तो दत्तकासाठी मुक्त नव्हता. त्या घरात तो चालायला शिकला, त्याच घराच्या ओट्यावर पडून त्याच्या हनुवटीला टाके पडले. टाळेबंदीत त्या घरातल्या बाईने त्याला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली. तिला तो आई म्हणत होता. जन्मदात्री वारली, मूल दत्तकासाठी मुक्त झाले आणि त्याच सुमारास प्रतिपालक वडिलांची बदली जर्मनीत झाली. नकार दिला असता तर नोकरी गेली असती. बाई पाच महिने मुलाबरोबर मागे राहिली. मग 'कुटुंब एकत्र राहत नाही' असा शेरा पडला आणि मार्च 2022 मध्ये मूल बालगृहात परत आले.

आता हिशेब पाहा. तो त्या घरात 51 महिने होता. प्रतिपालक कुटुंबाला दत्तकात प्राधान्य मिळायला तेव्हा 60 महिने लागत. नऊ महिने कमी पडले. पुढे तुम्हीच ही अट पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. योग्यच केले. पण 24 महिने पुरेसे आहेत असे आज तुम्ही म्हणता, तर या मुलाचे 51 महिने दुप्पट भरतात. तरी त्याच्या खात्यात ते शून्य धरले गेले आहेत. बालगृहात मात्र त्याचे 42 महिने भरले, त्यांची नोंद चोख आहे.

कलम 44 प्रमाणे बालकल्याण समितीने प्रतिपालक घराची दर महिन्याला तपासणी करायची असते. म्हणजे 51 नोंदी. टाळेबंदीतल्या काही फोनवर झाल्या, त्याही मी धरते. देशातल्या कोणत्या दत्तक पालकांची मूल घेण्याआधी इतकी पारख होते? पण पत्ता जर्मनीचा झाला म्हणून त्याच दांपत्याने आता तिथल्या अधिकृत संस्थेकडून पहिल्यापासून गृह-अध्ययन करून घ्यायचे, रांगेत उभे राहायचे आणि या मुलाशी त्यांचा काही संबंध नाही असे समजून अर्ज भरायचा. रांगेत तीस हजारांहून अधिक इच्छुक पालक आहेत. 2024-25 मध्ये देशात आणि परदेशात मिळून 4515 मुले दत्तक गेली, त्यांतली 360 परदेशात. या 360 मध्ये तो कधी येणार आणि कोणाच्या घरी?

मला सर्वांत जास्त जाळते ते हे की, कलम 59 प्रमाणे साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळाले नाही की मूल आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते, आणि पाच वर्षांवरच्या मुलांना तिथे प्राधान्य देता येते. उद्या एखादे अनोळखी परदेशी दांपत्य त्याला घेऊन जाऊ शकते. ज्यांच्या कुशीत तो मोठा झाला, त्यांना मात्र त्याच्यासाठी वेगळी वाट नाही. कलम 60 मध्ये परदेशातल्या नातेवाइकांची सोय आहे. नातेवाईक म्हणजे काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी, आजी-आजोबा. मुलाचे तोंडही न पाहिलेल्या काकाला कलम आहे, पण त्याच्या तापात चार रात्री जागलेल्या बाईला नाही.

तुमचे अधिकारी म्हणतील, प्रतिपालनातून परदेशी दत्तकाला वाट दिली की मुलांचा बाजार भरेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पुण्यातल्या एका संस्थेच्या दत्तक-गैरव्यवहाराचे प्रकरण 2010 मध्ये सीबीआयकडे सोपवले गेले, तेव्हा मी याच कामात होते. 'मूल सोडून दिले' असे कागद कसे तयार होतात, हे मी पाहिले आहे. म्हणून तर मी त्या मासिक नोंदींकडे बोट दाखवते. बाजार आडोशाला भरतो. चार वर्षे दर महिन्याला उघडलेल्या दारात तो कसा भरेल?

आंतरदेशीय दत्तकाबाबतच्या हेग कराराचे कलम 29 भावी पालकांना मुलाच्या सांभाळकर्त्यांशी आधी संपर्क ठेवायला मनाई करते. पण त्याच वाक्यात मूळ देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने घातलेल्या अटींनुसार झालेल्या संपर्काला सूट दिलेली आहे. भारताने 2003 मध्ये या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. सूट वापरण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, दुसऱ्या कोणाची परवानगी नको. आपण ती या मुलांसाठी का वापरत नाही?

जिल्ह्यातल्या एका कार्यालयात मी चार अर्ज दिले. पहिला हरवला, दुसऱ्याची पोच मिळाली, तिसरा 'वरिष्ठांकडे' गेला, चौथ्याला उत्तर आले की मुलाचे हित सर्वोपरि आहे. त्या कागदावर मुलाचे वयही चुकीचे होते! बालन्याय कायद्याच्या कलम 3 प्रमाणे मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे. साडेतीन वर्षांत त्याला कोणीही विचारले नाही.

आपल्या देशातली आंतरदेशीय दत्तकाची शिस्त 1982 मध्ये एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून सुरू झाली. न्या. भगवतींनी त्या पत्राची याचिका करून घेतली आणि 1984 मध्ये निकाल दिला. म्हणून मीही पत्रच लिहीत आहे. कलम 60 मध्ये प्रतिपालक आई-वडिलांचा उल्लेख करा, प्रतिपालनाची वर्षे मोजा आणि मासिक तपासणीच्या नोंदी गृह-अध्ययनात ग्राह्य धरा. तोवर केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत (कारा) या एका मुलाची फाईल उघडता येईल.

पुढच्या महिन्यात तो नऊ वर्षांचा होईल. ते दांपत्य अजूनही त्याच्याचसाठी अर्ज धरून बसले आहे. त्याला काय सांगू?

आपली,
एक निवृत्त समाजकार्यकर्ती