एकदा ताप येऊन गेला म्हणजे भय संपले काय?

कळपाचे गणित शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ पसरली तेव्हा गावोगावी जनावरांना लस टोचण्यात आली. गोठ्यातील बहुतेक जनावरांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली, की चावणाऱ्या माशीला रोग पोचवण्यासाठी नवे जनावर सापडत नाही व साथ ओसरते. परंतु गोठा कायम तोच राहत नाही. नवी वासरे जन्मतात, बाजारातून नवी जनावरे येतात. काही वर्षांत कळप पुन्हा कोरा होतो. ज्याने लस एकदाच टोचून स्वस्थ बसावे, त्याच्या गोठ्यात रोग पुन्हा शिरतो.

माणसांच्या गावालाही हाच नियम लागू आहे. चिकुनगुन्याचा आपल्या देशातील इतिहास पाहावा. १९६३ साली तो प्रथम कलकत्त्यास आढळला. १९६४ साली मद्रास व १९६५ साली नागपूर येथे साथी आल्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने त्याचा तडाखा सोसला. त्यानंतर सुमारे बत्तीस वर्षे मोठी साथ आली नाही आणि लोक हा रोग विसरून गेले. २००५ च्या अखेरीस तो आंध्रात उठला. २००६ साली कर्नाटक, महाराष्ट्र व इतर राज्ये मिळून तेरा लाखांहून अधिक संशयित रोग्यांची नोंद झाली. मधल्या काळात जन्मलेल्या बहुतेकांच्या रक्ताला या विषाणूची ओळखच नव्हती. धडधाकट तरुण माणसे अंथरुणाला खिळली आणि पेरणी-लावणीची कामे अडली.

त्या साथीला आता बरीच वर्षे झाली. त्यानंतर जन्मलेली मुले आज नांगर धरण्याच्या वयाची आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८ साली पंधरा राज्यांत रक्त तपासून पाहिले, तेव्हा १८ ते ४५ वर्षांच्या माणसांत चिकुनगुन्या होऊन गेल्याची खूण शेकडा २१.६ जणांतच आढळली. सर्व वयांचा विचार करता शहरांत हे प्रमाण शेकडा ४०.२, तर खेड्यांत केवळ ११.५ होते. दक्षिणेकडील राज्यांत प्रमाण अधिक, म्हणजे ४३.१ होते, तरी तेथेही निम्म्याहून अधिक लोक उघडेच राहिले. सरळ अर्थ असा, की ज्या हातांवर आपली शेती चालते त्यांतील बहुतेकांना या रोगापासून संरक्षण नाही.

कोणी म्हणेल, “मग एकदा सर्वांना येऊन जाऊ द्या, म्हणजे कायमची सुटका!” हा विचार मला मान्य नाही. चिकुनगुन्या एकदा झाल्यास तो सहसा पुन्हा होत नाही, हे खरे. पण त्याची किंमत कोण मोजणार? ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्महिने धरलेले राहतात. विळ्याची मूठ आवळता येत नाही, धार काढता येत नाही. पावसाळ्यात व त्यानंतर हा रोग वाढतो, म्हणजे ऐन सुगीच्या तोंडावर घरातील कमावता माणूस बसतो. वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो, आणि बाळंतपणाच्या वेळी आईला ताप असेल तर नवजात बाळालाही लागण होऊ शकते.

दुसरी चूक याहून घातक आहे. चिकुनगुन्याचा नियम लोक डेंग्यूलाही लावतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा ताप येऊन गेला तर त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार अधिक गंभीर होण्याचा संभव वाढतो. वरील पाहणीत १८ ते ४५ वयाच्या शेकडा ५६.२ जणांना डेंग्यू होऊन गेलेला दिसला. ही दिलासा देणारी गोष्ट नव्हे. “मला मागेच झाला होता” असे म्हणणाऱ्याने इतरांपेक्षा अधिक जपले पाहिजे.

मग उपाय कोणता? दोन्ही रोग पसरवणारा एडिस डास एकच, तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासावीत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात. गोठ्यातील डोण, फवारणीचे पिंप, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, सुपारीच्या बागेत गळून पडलेल्या विऱ्या या जागा विसरू नयेत. रविवारी मिस्साहून परतल्यावर अर्धा तास यासाठी काढावा. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी दफनभूमीकडेही पाहावे. कबरींवरील फुलदाण्यांत पाण्याऐवजी ओली वाळू भरली, तर फुले टिकतात व डास होत नाहीत.

ताप आलेल्याने पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणीत झोपावे, म्हणजे त्याचे रक्त पिऊन डास शेजाऱ्याला रोग देणार नाही. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय ग्लानी दिसल्यास रोग्यास विलंब न लावता इस्पितळात न्यावे.

तरुणाच्या दंडात बळ आहे म्हणून त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती आहे असे होत नाही. ती रोगाने किंवा लसीने येते, आणि चिकुनगुन्याची लस आपल्या गावच्या दवाखान्यांतून अजून मिळत नाही. तोवर घासलेले पिंप हेच आपल्या मुलांचे संरक्षण होय. पावसाची पहिली सर येण्याआधी प्रत्येक घराने हे काम हाती घ्यावे.