आजोबांचे जेवण किती वाजता?

खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'ला सहकुटुंब जायचे ठरले, की तिथे जेवायचे कुठे यावर घरात मतदान होते. मुलांना पिझ्झा हवा, आईला थाळी. आजोबांना कोणी विचारत नाही. खरे तर रेस्टॉरंट त्यांच्याकडे पाहूनच निवडायला हवे.

लवकर निघायचे म्हणून न्याहारी सकाळी सहा-सातलाच उरकते. मधुमेहाची गोळीही तेव्हाच पोटात जाते. मग पायपीट, रांगा, 'आणखी एक राइड झाली की जेवू' असे करता करता दोन वाजतात, आणि नेमकी तेव्हाच काउंटरवर झुंबड. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, ऊन लागले! शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा. गुंगी असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

म्हणून सावलीत टेकायला जागा आणि बाराच्या सुमारास वाफाळता वरण-भात देणारे साधे ठिकाण सजावटीच्या रेस्टॉरंटपेक्षा केव्हाही सरस. बुफेत कोमट पडलेला भात मात्र टाळावा. गरम अन्न ६० अंशांवर राखलेले हवे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न नेऊ देण्याचा नियम अनेक पार्कांत असतो. त्यातून मधुमेहींचा डबा वगळायलाच हवा. तोवर खिशात ग्लुकोजची पुडी असू द्यावी.