वाड्याचे कुलूप आणि परतीची हळहळ

नाशिकचा द्वारका चौक हा परतणाऱ्या नाशिककराचा उंबरठा आहे. पुण्याहून सिन्नर, नाशिकरोडमार्गे येणारा रस्ता येथेच मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो आणि येथूनच एक वाट जुन्या नाशिकच्या गल्ल्यांकडे वळते. वीस-पंचवीस वर्षांनी गावी आलेला माणूस येथे उतरला की प्रथम गोंधळून जातो. डोक्यावर २०१३ साली खुला झालेला उड्डाणपूल, खाली चहूबाजूंनी वाहनांची दाटी. पादचाऱ्यांसाठी खास बांधलेला भुयारी मार्ग मात्र वर्षानुवर्षे वापरावाचून पडून राहिलेला. मग त्याच्या तोंडून ठरलेले वाक्य बाहेर पडते, ‘आमचे नाशिक आता राहिले नाही.’

ही हळहळ खोटी नाही. पण ती अपुरी आहे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाख ७७ हजारांच्या घरात होती, ती २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेली. सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडची मुद्रणालये यांनी सहस्रावधी कुटुंबांना अन्न दिले. ज्या भाकरीसाठी नाशिकचा तरुण मुंबई-पुण्याला किंवा सातासमुद्रापार गेला, त्याच भाकरीसाठी कळवण-सुरगाण्याचा किंवा खानदेशातला तरुण नाशिकला आला. एकाचे जाणे पुरुषार्थ आणि दुसऱ्याचे येणे गर्दी, असा न्याय कसा चालेल?

गोदावरीचेच उदाहरण घ्यावे. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातील नदीपात्रात काँक्रीट ओतले गेले आणि अनेक प्राचीन कुंडे त्याखाली गाडली गेली. ते काँक्रीट काढावे, नदीचे प्रदूषण थांबावे, म्हणून पुढे उच्च न्यायालयाची पायरी चढले ते याच गावात राहिलेले नागरिक. परतणाऱ्याने घाटावर उभे राहून उसासा टाकला. राहणाऱ्याने तारखांना हजेरी लावली. गावावरील प्रेमाचे हे दोन प्रकार सारखे मानता येणार नाहीत.

याहून अवघड प्रश्न वाड्यांचा आहे. जुन्या नाशिकातील आणि पंचवटीतील वाडे ही या शहराची खरी ओळख. दगडी जोते, सागवानी खांब, मधला चौक, माजघर आणि देवघर अशी ती रचना. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये धोकादायक घरांना नोटिसा बजावते. नोटीस दाराला चिकटवली जाते. कारण दाराला कुलूप असते. मिळकत पत्रिकेवर नाव अजून आजोबांचे. वारस आठ-दहा, आणि ते पाच शहरांत विखुरलेले. एकाला विकायचे असते, दुसऱ्याला ठेवायचे असते, तिसरा पत्राला उत्तरच देत नाही. सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. परंतु कित्येक घरांत त्या दृष्टीने वारसनोंदीचा कागद हलवण्याचे कष्टही कोणी घेतलेले नाहीत. मग एखाद्या आषाढात भिंत खचते. कधी शेजारच्या खोलीतील भाडेकरूचे कुटुंब त्याखाली सापडते. ‘आमचे नाशिक राहिले नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात अशा कुलपाची किल्ली आहे, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. जुन्या भाडेकरूंचे भाडे नाममात्र, दुरुस्तीचा खर्च लाखांत, आणि कज्जे पिढ्यान् पिढ्या चालणारे. अशा स्थितीत दूर राहणाऱ्या नोकरदाराने करावे काय? वाडा जसाच्या तसा राखणे प्रत्येकाला शक्य नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण वाडा राखणे आणि वाड्याचा निकाल लावणे यांत अंतर आहे. वारसांनी एकत्र बसून नोंदी पूर्ण कराव्यात, वाटणीपत्र करावे. राखणे जमत असेल तर दुरुस्ती करावी; नसेल तर भाडेकरूंची रास्त सोय लावून घर अशा हाती द्यावे, जो तेथे दिवा लावील. यास पैसा कमी आणि अहंकार सोडण्याची तयारी अधिक लागते. भावाभावांनी न बोलता ठेवलेले घर कोणत्याही शासनाला वाचवता येत नाही.

शेजारच्या भगूरमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले गेले आहे. प्रत्येक घराच्या वाट्याला असे भाग्य येत नाही, यायचे कारणही नाही. परंतु गाव टिकते ते केवळ थोरांच्या घरांवर नव्हे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, ते पिढ्यान् पिढ्यांच्या सामान्य वाचकांच्या वर्गणीवर. संस्था असो वा घर, ज्याची नियमित देखभाल होते तेच उरते.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. त्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे द्वारकेवर उतरतात, गोदास्नान करतात आणि परत जातात. या खेपेस त्यांनी स्नानाबरोबर एक दिवस भूमापन कार्यालयासाठी आणि एक संध्याकाळ चुलत भावंडांसाठी राखून ठेवावी. तीर्थयात्रेचे पुण्य ज्याचे त्याला लाभेल. पण ज्या गल्लीत बालपण गेले, त्या गल्लीवर आपल्या घराची भिंत कोसळू न देणे हे ऋण आहे, आणि ते फेडल्यावाचून गावाविषयी तक्रार करण्याचा अधिकार कुणालाही पोहोचत नाही.